तीनदा टॅब

हेमांगीच्या मोफत ग्रंथालय-सॉफ्टवेअरची पाचवी आवृत्ती सोमवारी बाहेर पडली, आणि गुरुवारी, नेहमीप्रमाणे, कुडाळच्या वाचनालयातल्या गावड्यांनी जुन्या दुसऱ्या आवृत्तीचा आणखी एक अवतार काढला. ती दुसरी आवृत्ती हेमांगीने चार वर्षांपूर्वीच बंद करून टाकली होती. तरी हा गृहस्थ दर खेपेला तिच्या नव्या कोडमधल्या दुरुस्त्या तेवढ्या उचलायचा, जुन्यात बसवायचा आणि सगळ्यांसाठी खुल्या ठेवायचा. एवढा खटाटोप कशासाठी? शेवटी न राहवून तिने फोन लावला.

“अहो गावडेसाहेब, नव्या आवृत्तीवर या की सरळ!”

“येईन की! पण मॅडम, आमच्या वाचनालयात अंध वाचक येतात. तीनदा टॅब दाबला की शोधाची चौकट, हे त्यांच्या बोटांना पाठ झालंय. तुम्ही दर नव्या आवृत्तीत ती हलवता.”

हलवली होती खरी, दिसायला बरी म्हणून. हेमांगीने फोन ठेवला, स्क्रीन काळी केली, अक्षरं वाचून दाखवणारा आवाज सुरू केला आणि आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये टॅब दाबत सुटली. चौदाव्या टॅबला ती पुरती हरवली.

पुढची आवृत्ती दीड महिना लांबली. घोषणा जेमतेम दोन वाक्यांची होती: ‘नवीन काही नाही. शोध पुन्हा तिसऱ्या टॅबवर, आणि यापुढे तिथेच.’

त्या गुरुवारी कुडाळहून काहीच आलं नाही. शुक्रवारी गावड्यांचा निरोप आला, “आलो सगळे.”