म्यानाच्या आतून

रविवारी सकाळी सात वाजता आळेफाट्यावरच्या एका हॉलमध्ये समृद्धीचा डावा तळहात कापला. ती जपानी पद्धतीने तलवार उपसायला शिकत होती. तलवार लाकडी होती.

शिकवणारे अरिहंत हे जैन व्यापारी कुटुंबातले. इथे धारेची वस्तू आणायची नाही, या अटीवरच त्यांच्या आईने त्यांना हा हॉल दिला होता.

"म्यान सैल धर, बोटं धारेच्या बाजूला नकोत. किती वेळा सांगितलं?" अरिहंत म्हणाले.

"धार हाय कुठं, भाऊ?" समृद्धी रुमाल आवळत हसली. "लाटण्यानं कधी कुणाचा हात कापलाय व्हय?"

अरिहंतांनी तलवारीवर अंगठा फिरवला. कड बोथट होती. प्लास्टिकचं म्यान मात्र आतून बाहेर सरळ चिरलं होतं.

त्यांनी तलवार त्याच म्यानात घालून कपाटात बंद केली. समृद्धीच्या हाताला टाके पडले.

संध्याकाळी हॉल झाडताना त्यांना कपाटातून तलवार उपसल्याचा आवाज आला. लगेच समृद्धीचा घरून फोन आला.

"भाऊ, हात मांडीवर व्हता. पट्टीखाली आणखी एक चीर पडलीय."

अरिहंतांनी कपाट उघडलं. तलवार म्यानातून आपोआप, हळूहळू बाहेर सरकत होती.

सोमवारी दुपारीही ते तलवार म्यानात परत ढकलून दोन्ही हातांनी दाबून बसले होते.