बिरदेवाचा खांदा

ट्रेलरचे मालक नानासोंनी पट्टे आवळायचा मोटरीचा विंच आणला, तोही एकच. कुपवाडच्या यार्डात ट्रेलर उभा होता, वर फलटणकडच्या साखर कारखान्याचा लोखंडी रोलर चढवलेला, आणि फिटर विचारत होता, "मालक, कुठल्या बाजूला बसवू?"

ट्रेलरचा ड्रायव्हर मौला बाजूला उभा होता. माल बांधायचे पट्टे आवळायला आजवर दोन्ही बाजूंना हाताचे विंच होते. त्यात लोखंडी टामी घालायची आणि अंगातला सगळा जोर लावून ओढायची. एक बाजू मौलाची, दुसरी जोडीदार बिरदेवाची. आजवर कुणी मोटरीचं नाव काढलं की मौला उसळायचा. "मोटरीला काय कळतंय पट्टा किती ताणायचा? ते हातालाच कळतं!" पण दिवाळीपासनं त्याचा उजवा खांदाच गेला होता. टामी ओढताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. हे ठाऊक होतं फक्त घरात बायकोला, मेहरुनबीला. मालकाला कळलं की ट्रेलरवर दुसरा ड्रायव्हर आलाच म्हणून समजायचं.

आणि आता हा विंच आपल्याच बाजूला बसवला तर? म्हणजे मालकाला खांद्याचं कळलंच!

"बिरदेवाच्या बाजूला बसव," नानासो म्हणाले. "ह्योच माझ्या मागं लागला हुता. खांदा गेलाय म्हणं ह्याचा."

मौला बघतच राहिला. बिरदेवाचा खांदा? जतकडचा हा धनगराचा गडी परवाच ट्रेलरचं चाक एकट्यानं हलवत होता की!

"व्हय, नाना," बिरदेव खाली बघत म्हणाला. "लय ठणकतोय."

फिटर विंच बसवून गेला. नानासो चहा सांगायला ऑफिसात शिरले, तसा बिरदेव लगबगीनं ट्रेलरला वळसा घालून आला आणि त्यानं मौलाच्या हातातली टामी काढून घेतली.

"मौलाभाई, त्या बटनाचं मला काय उमगंना. तुमी तिकडं ऱ्हावा, हिकडचं मी बघतो."

"तुझा खांदा कवा गेला रं?"

"तुमचा गेला तवाच."

दिवाळीपासनं दर खेपेला मौलाची बाजू आवळून झाली की हा पठ्ठ्या 'जरा बघून येतो' म्हणत यायचा आणि सगळे पट्टे पुन्हा आवळून जायचा. मौलाला असा राग यायचा! आपल्या हाताखाली शिकला आणि आता आपलंच काम तपासतोय! आज कळलं, तो तपासत नव्हता. मौलाच्या खांद्याला न झेपलेलं तेवढं ओढत होता. आणि आता तर मालकापुढं स्वतःचा धडधाकट खांदा मोडका करून बसला होता. त्याचंही पोट याच ट्रेलरवर होतं.

"आरं येड्या, मालकानं तुलाच काढलं असतं म्हंजी?"

"मेंढरं हायती की घरी," बिरदेव म्हणाला. "तुमी काय राखणार मेंढरं?"

मौला पलीकडं गेला. त्यानं बटण दाबलं. मोटर गुरगुरली, पट्टा रोलरवर ताठ होत गेला, आणि खांद्यात कळ म्हणून उठली नाही. "अल्ला का शुकर," तो पुटपुटला. मग पलीकडं ऐकू जाईल असं मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "तुझं लय उपकार झालं रं, बिरदेवा!"

उत्तर म्हणून "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी आली आणि टामी करकरली.

नेमके तेव्हाच नानासो चहाचे ग्लास घेऊन बाहेर आले. बटणापाशी मौला, आणि पलीकडं खांदा गेलेला गडी टामीवर सगळा भार टाकून ओढतोय! संपलं सगळं, मौलाच्या मनात आलं. आता खरं काय ते सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं.

नानासोंनी त्याला बोलूच दिलं नाही. एक ग्लास मौलाच्या डाव्या हातात नीट धरवला आणि मग ते बिरदेवाकडं वळले.

"खोटं बोलायचं तर नीट बोलावं, गड्या. खांदा दुखणारा माणूस कसा वागतो ते मौलाकडं बघून तरी शिकायचंस. मी दिवाळीपासनं बघतोय."