शिंप्याचा हात

आमच्या ज्येष्ठांच्या वर्गात गोष्टी हातवाऱ्यांनी सांगायच्या असतात. शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "आवडत्या माणसासोबतचा एक क्षण दाखवा. शब्द नकोत." आमचे हे लगेच उठले. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. एकदा घेतलेलं माप हात विसरत नाहीत, ही त्यांची फुशारकी. डोळे मिटून त्यांनी हवेतच कुणालातरी जवळ घेतलं, गिरकी दिली, कपाळावरची बट हळूच मागे सारली. "तसेच थांबा, काका! काकू, त्या रिकाम्या जागेत उभ्या राहा." शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीकडे पर्स देऊन मी लाजतच गेले. ह्यांचा हात माझ्या डोक्याच्याही वीतभर वर होता. "काका चुकले!" सगळे हसले. माहेरची सगळी उंची धाकटीने पळवली, असं आई म्हणायची. मी वळून पाहिलं. बहिणीची मान खाली होती. "ऊठ गं," मी म्हटलं, "माप तुझं आहे."