डोळ्यांच्या रांगेत

मनोविकार विभागासमोरचा बाक रिकामा होता, तरी वृषालीने केतकीला समोरच्या डोळ्यांच्या विभागाच्या गर्दीत बसवलं. "नाव इथेही ऐकू येतं गं," ती पुटपुटली. दहावीतली केतकी महिनाभर शाळेत गेली नव्हती की धड जेवली नव्हती.

तेवढ्यात त्यांच्याच इमारतीतल्या, खालच्या मजल्यावरच्या सरनाईक काकू सासूला धरून आल्या आणि नेमक्या शेजारीच टेकल्या.

"वृषाली, तू इकडे? काय झालं पोरीला?"

"नंबर आलाय वाटतं, काकू. दिवसभर मोबाइल, दुसरं काय."

"आमच्याकडेही तेच. आता चष्मा लागला की नट्टापट्टा गेला म्हणायचा." काकू हसल्या. वृषालीही हसली.

समोरच्या मनोविकार विभागातून नर्सने केतकीचं नाव पुकारलं. केतकी उठायला लागली, तसा वृषालीने तिचा हात घट्ट दाबून धरला. काकू आत्ता सासूला घेऊन आत जातील, मग उठू. नाव पुन्हा पुकारलं गेलं. केतकीने हात सोडवून घेतला आणि एकटीच समोरच्या दारातून आत गेली.

"अगं, ती तिकडे कुठे निघाली?"

वृषाली उठली. भराभर दारापर्यंत गेली आणि तिथेच थबकली. आत डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "सोबत कुणी आलंय का, बाळा?"

"आई आलीय," केतकी म्हणाली. "तिला आत यायला थोडा वेळ लागेल."