पिवळ्याला मांस

होए मावशींनी मुठीत आठ चॉपस्टिक धरल्या आणि एकेकासमोर फिरवल्या. चार काड्यांना खालच्या टोकाला शाई लावलेली होती. तोआनच्या काडीला शाई निघाली. त्याच्या धाकट्या भावाची, लामची काडी कोरी निघाली.

"झालं," बिएन म्हणाला. तोही लामच्या बाजूला आला होता. "भाऊ भाऊ समोरासमोर. मावशी, खुर्च्या बाजूला घ्या, मोडतील."

कुणी हसलं नाही. तोआनने काडी परत केली आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने खुर्ची ओढली. खरं तर तो सकाळपासून एवढीच आस धरून होता, की दोघं एका बाजूला येतील. एका बाजूला आले की चार शब्द बोलावेच लागतात.

नाम दिन्ह शहरातल्या त्या गल्लीतलं मावशींचं नेटचं दुकान सोमवारपासून बंद होणार होतं. पोरं आता फोनवर खेळतात. म्हणून रविवारी दुपारी मावशींनी जुन्या गिऱ्हाइकांना शेवटच्या डावाला बोलावलं होतं. डाव अर्थातच संगणकावरच्या साम्राज्याचा. हरणं मारायची, झाडं तोडायची, घरं बांधायची आणि अंगात जरा बळ आलं की शेजाऱ्याची घरं जाळायची. पंचवीस वर्षांपूर्वी शाळेला दांड्या मारून हे आठही जण इथंच राजे झाले होते. आता निम्म्यांना पडदा दिसायला चष्मा लागत होता.

तोआनने पिवळा रंग घेतला. तो कायमचा पिवळा आणि लाम कायमचा निळा. तेव्हा दोघं नेहमी एका बाजूला असत. तोआन पुढे लढायचा, लाम मागे राहून शिकारीचं मांस साठवायचा आणि भावाला पाठवायचा. याला इथं पंप मारणं म्हणतात. दुकानात एवढा कालवा असायचा, की मिळालं की नाही ते ओरडून सांगावं लागे. तोआन "पोचलं" म्हणून असा ओरडायचा, की रस्त्यापलीकडच्या न्हाव्याचा हात थांबायचा. ते ऐकल्याशिवाय लाम पुढचं पाठवत नसे.

सहा वर्षं दोघांत एक शब्द नव्हता. वडिलांच्या अस्थी तिथल्या रीतीप्रमाणे काही वर्षांनी बाहेर काढून, धुऊन, दुसऱ्यांदा पुरायचा मुहूर्त तोआनने पहाटेचा धरला होता. लाम ट्रक चालवायचा, तो सायगॉनची खेप टाकून घरी यायला निघालेला होता. त्याच्यासाठी तोआन थांबला नाही. मुहूर्त टळेल म्हणाला. लाम पोचला तेव्हा उजाडलं होतं आणि वर माती पडली होती. आपलं चुकलं हे तोआनला त्याच सकाळी कळलं होतं. पण जीभ रेटली नाही आणि नंतर प्रत्येक नव्या वर्षाला ती आणखीच जड होत गेली.

डाव सुरू होऊन अर्धा तास झाला आणि तोआनची पार धूळधाण उडाली. बिएनच्या रथांनी त्याची घरं जाळली, कोठारं जाळली. एक धनुर्धाऱ्यांची शाळा तेवढी उभी राहिली आणि तीन गावकरी झाडांमागे लपून राहिले. लाकडं होती, पण मांस शून्य. त्याचे सोबती पलीकडच्या कोपऱ्यात स्वतःचाच जीव वाचवत होते.

"तोआनदादा, चंबूगबाळं आवर आता," बिएन पडद्याआडून म्हणाला. "मावशींच्या चहातला बर्फ वितळतोय."

"तू मार रे आधी," तोआन म्हणाला. "मेल्यावर पितो चहा."

तेवढ्यात त्याच्या पडद्यावरचं शून्य गेलं आणि तिथं तीनशे आले. खाली निळ्या अक्षरांत पाठवणाऱ्याचं नाव उमटलं.

बिएन लामच्या शेजारीच बसला होता. त्याने वाकून लामचा पडदा बघितला.

"अरे ए शहाण्या, कुणाला पंप मारतोयस? पिवळा शत्रू आहे आपला."

सगळं दुकान हसायला लागलं. एकाच्या तोंडातला चहा बाहेर आला.

"बोट चुकलं," लाम म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पिवळा दिसला की बोट तिकडंच जातं. सवय आहे जुनी."

"सवय म्हणे. ह्याच्या सवयीपायी आज आपण हरायचो."

तीनशे मांसात त्या शाळेतून धनुर्धाऱ्यांचे पाच-सहा रथ सहज उभे राहिले असते. तोआनने एकही बनवला नाही. तो नुसता आकड्याकडे बघत बसला. समोरच्या पडद्याच्या वरून लामचं डोकं तेवढं दिसत होतं. भांगापाशी केस पांढरे झाले होते. एका अंगणात राहून हे आपल्याला दिसलं नाही, याची तोआनला लाज वाटली. तो दोनदा खाकरला.

"पोचलं," तो म्हणाला.

आवाज काही पूर्वीसारखा निघाला नाही. न्हावी सोडाच, दारापर्यंतसुद्धा गेला नसता. पण हसणं थांबलं. लामने मान वर केली नाही. बिएन काहीतरी बोलायला गेला, तेव्हा होए मावशींनी मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पंखा घरघरत होता. तोआन पडद्याकडे बघत होता.

तीनशेचे सहाशे झाले.