दुसरं कुलूप

रंगाच्या कारखान्यात घुसळणीच्या टाकीत उतरायचं, तर आधी मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं. आत माणूस असताना बाहेरून कोणी चुकून पाती फिरवू नयेत म्हणून. "ज्याच्या जिवाला धोका, त्याचं कुलूप," असं वेल्डरकाका प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पढवत.

काल जेवणाच्या सुट्टीत सगळे फिटरच्या लग्नामागे हात धुऊन लागले, तेव्हा त्याने एकदाचं सांगून टाकलं, की त्याचं प्रेम एका पुरुषावर आहे. तेव्हापासून त्याच्याशी कोणी अवाक्षर बोललं नव्हतं, वेल्डरकाकासुद्धा. आज टाकीत बरोबर उतरायलाही कोणी पुढे येईना. शेवटी आपलं एकट्याचं कुलूप लावून तो आत शिरला.

नट आवळताना तो कानात प्राण आणून ऐकत होता.

"एवढंसं तर कुलूप. पहारीच्या एका दणक्यात तुटेल," बाहेर कोणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसले. मग जड पावलं स्विचपाशी गेली. लोखंडावर लोखंड वाजलं. पाना तिथेच टाकून तो धडपडत बाहेर आला.

स्विचला दोन कुलपं होती. शेजारी वेल्डरकाका उभे होते.

"काका, तुम्ही तर बाहेरच होता."

"ज्याच्या जिवाला धोका, त्याचं कुलूप," काका त्या हसणाऱ्यांकडे बघत म्हणाले. "तू काल बोललास, ते मला तीस वर्षांत बोलता आलं नाही."