द्वारकेशेजारची मुलगी

श्वेताबाईंनी यंत्राचं बटण दाबलं, तशी जुन्या कादंबरीची नायिका द्वारका प्रकाशातून उमटली आणि नऊवारी सावरत ऋताशेजारी सोफ्यावर बसली. लेकासाठी पाहिलेली प्रत्येक मुलगी श्वेताबाई द्वारकेशी अशीच ताडून बघत, आणि तूट नेहमी मुलीकडेच निघे.

"दोघींना एकच प्रश्न," त्या म्हणाल्या. "नवरा म्हणाला, शिकणं सोड. तर?"

"सोडीन," द्वारका खाली मानेनं म्हणाली.

"बघ, किती गोड!"

श्वेताबाईंचा लेक नचिकेत ऋताला मनापासून आवडला होता. तो मात्र पोह्यांतले शेंगदाणे वेचत होता.

"मी नाही सोडणार," ती म्हणाली.

द्वारकेनं मान वर केली. यंत्रातली माणसं ऐकलेलंही शिकतात, हे श्वेताबाई विसरल्या होत्या.

"अगं, असंही म्हणता येतं?" द्वारकेनं विचारलं. "मग माझंही उत्तर बदलून घ्या, बाई."

श्वेताबाई घाईनं बटण शोधू लागल्या. द्वारका ऋताकडे झुकली. "हा मुलगा असा गप्पच असतो का गं? आमचे हेही असेच बसायचे."

"नचिकेत," ऋता म्हणाली, "तुझं काय म्हणणं आहे?"

नचिकेतनं आईकडे पाहिलं, आणि ऋता उठली.